भरलेल्याला वाट

आमच्या फेस शहराच्या जुन्या भागात ट्रक वेशीपर्यंतच येतो. तुमच्या घराच्या भिंतीला पोट सुटलं, माळवद खाली बसलं, की विटा, वाळू, चुना, देवदाराच्या तुळया हा सगळा पसारा बाब गिस्साच्या वेशीबाहेर उतरतो आणि तिथून तुमच्या दारापर्यंत तो आणायला माझ्या बाला बोलवावं लागतं. बाला आणि कहलाला. कहला म्हणजे आमचं खेचर. काळीभोर, चौदा वर्षांची, माझ्याहून एका वर्षाने लहान आणि हट्टीपणात माझी थोरली बहीण. तिच्या खुरांना बा जुन्या टायरचे तुकडे ठोकतो, म्हणजे उतारावरच्या गुळगुळीत दगडांवर पाय सरकत नाही.

वेशीपासून खाली जाणारी आमची वाट सात वळणांची आहे. पाचव्या वळणाला ती इतकी अरुंद होते की पाठीवर भरलेली कंठाळ घेऊन खेचर गेलं की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर चुन्याची रेघ उठते. तिथे समोरून दुसरं जनावर आलं तर? म्हणून नियम आहेत. लिहिलेले कुठेच नाहीत, पण आमच्याकडची पोरं चालायला लागली की त्यांना ते पाठ असतात. पहिला: भरलेल्याला वाट. रिकाम्याने हटायचं, कुणाच्या तरी उंबऱ्यात शिरायचं, नाहीच जमलं तर उलट पावली मागे जायचं. कारण पाठीवर ओझं असताना जनावराला चालण्यापेक्षा उभं राहणं जड जातं. दुसरा: सकाळ उतरणीची, संध्याकाळ चढणीची. दुपारच्या नमाजापर्यंत माल खाली जाणार आणि खेचरं वर येताना रिकामी येणार. पाडलेल्या भिंतींचा राडारोडा वर नेणार गाढववाले, तोही असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजानंतर. रिकामं येण्यापेक्षा राडारोडा घेऊन आलं तर फायदा आहे हे काय आमच्या लोकांना कळत नव्हतं? पण मग गाढववाल्या कद्दूरने खायचं काय? आणि खाली जाणारा भरलेला, वर येणारा भरलेला, असे दोघे पाचव्या वळणावर भेटले तर हटायचं कुणी?

बा खेचरवाल्यांचा अमीन होता. अमीनला पगार नसतो, खुर्ची नसते. गल्लीत दोघे मालक एकमेकांच्या आयांचा उद्धार करायला लागले की कुणीतरी ओरडतं, "अल्लालला बोलवा!" मग बा येतो, दोन्ही जनावरांच्या कंठाळी हाताने चाचपतो, आणि म्हणतो, "तू हट." तो म्हणाला की हटायचं. बस्स. आजवर कुणी "का" म्हणून विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग कंपनी आली.

शहरातली तीनशे पडकी घरं दुरुस्त करायची सरकारी योजना होती, आणि त्या घरांपर्यंत माल पोचवायला कंपनीने आपोआप चालणाऱ्या गाड्या आणल्या. सहा गाड्या. खेचराएवढ्याच रुंद, कमरेएवढ्या उंच, पायऱ्या चढणारी चाकं, पाठीवर एक मोठी पेटी. रंग काळा. पहिल्याच दिवशी पोरांनी नाव ठेवलं, शेणकिडा. पुढे पुढे सगळे नुसतं किडाच म्हणायला लागले.

योजनेच्या कार्यालयाने चाळीस दिवसांची चाचणी ठेवली. सहा किडे आणि आमची बावीस खेचरं, त्याच वाटेवर, तोच माल. दारापर्यंत जास्त खेपा ज्यांच्या, तीनशे घरांचं काम त्यांचं. पुढची पाच वर्षं त्या वाटेने दुसऱ्या कुणी बांधकामाचा माल न्यायचा नाही.

"पाच वर्षं!" बूशता म्हणाला. हा बाचा जुना दोस्त, दात चार आणि विनोद चारशे. "पाच वर्षांत माझं खेचर हाजी होऊन येईल. सहा किडे काय करणार रे आम्हा बावीस जणांचं?"

चाचणीच्या आधी कंपनीला गल्लीचे नियम हवे होते, म्हणजे गाड्यांना शिकवता येतील. त्यांनी अमीनला बोलावलं. बाला फ्रेंच येत नाही. त्याचा जायचा विचारच नव्हता. "ज्याला आमची गल्ली वापरायची त्याने येऊन शिकावं," असं म्हणून तो बिसाराच्या कढणाच्या वाटीत भाकरी बुडवत बसला.

मी त्याला उठवलं. मीच!

त्या वर्षी मला नुकतंच तोंड फुटलं होतं. त्याआधी वर्गात माझं नाव पुकारलं तरी मी बाकाखाली काहीतरी पडल्यासारखं शोधायचे. मग फ्रेंचच्या बाईंनी धरून नाटकात उभं केलं, चार ओळींचं काम, आणि टाळ्या पडल्या. झालं! त्यानंतर मी थांबेना. आई म्हणायची, "हिच्या तोंडावर झाकण होतं तेच बरं होतं, निदान घरात माश्या कमी यायच्या." पण मला वाटायचं, सगळं जग बोलल्याने सुटतं. लोक उगाच गप्प बसतात म्हणून अडतं.

"बा, तू नाही सांगितलंस तर ते त्यांचे नियम आणतील," मी म्हटलं. "तू बोल, मी फ्रेंचमध्ये सांगते. शब्दाला शब्द."

"शब्दाला शब्द?"

"शब्दाला शब्द."

बाने पायघोळ जेलाबा झटकला, टोपी घातली आणि निघाला. वेशीवर बूशताने मला हाक मारली, "लाल्ला बतूल, मंत्रीणबाई! साहेबांना विचारा, किडा शेण टाकतो का? नाही तर आमच्या बाया गुलाबाच्या कुंड्यांत काय घालणार?"

कंपनीची इंजिनिअर होती नुहाद. कासाब्लांकाची, पांढरे बूट, केस कापलेले, हसली की खांदे हलायचे. मला ती इतकी आवडली की मी घरी येऊन आरशासमोर तसं हसून बघितलं. तिने दोन दिवस आमच्याबरोबर सातही वळणं पायी पालथी घातली. बा पुढे, मी मध्ये, ती मागे. बा सांगायचा, मी बोलायचे, ती टिपून घ्यायची. तिसऱ्या दिवशी कार्यालयात बैठक झाली. लांब टेबल, पाण्याच्या छोट्या बाटल्या, सहा-सात साहेब. बा खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, कुणी उठ म्हटलं तर पटकन उठता यावं तसा.

पहिला नियम मी झोकात सांगितला. भरलेल्याला वाट. साहेबांनी माना हलवल्या. नुहाद म्हणाली, "सोपं आहे. गाडीला स्वतःचं वजन कळतं. पेटी भरलेली असेल तर ती हटणार नाही, रिकामी असेल तर हटेल."

मग बाने दुसरा सांगितला. सकाळ उतरणीची, संध्याकाळ चढणीची. कद्दूरचं सांगितलं, गाढवांचं सांगितलं, पाचव्या वळणाचं सांगितलं. तो सावकाश बोलत होता, हाताने हवेत वळणं काढत. साहेब घड्याळाकडे बघायला लागले. टोकाला बसलेल्या एका चष्मेवाल्याने मध्येच मला फ्रेंचमध्ये विचारलं, "म्हणजे तुमची खेचरं अर्धा दिवस रिकामीच फिरतात? असं का?"

मला बाचं सगळं सांगायला हवं होतं. पण ते लांबलचक होतं, आणि माझ्याकडे सगळे बघत होते, आणि मला एक वाक्य सुचलं.

"कारण हे आमच्या आजोबांनी ठरवलंय," मी म्हटलं, "आणि आजोबांना कसलीच घाई नव्हती."

सगळं टेबल हसलं. चष्मेवाल्याने टाळी दिल्यासारखा हात वर केला. नुहादचे खांदे हलले. माझ्या कानांपर्यंत गरम झालं, इतका आनंद झाला.

"काय म्हणालीस?" बाने विचारलं. तोही हसत होता, सगळे हसतात म्हणून.

"तू म्हणालास तेच."

आणि बैठक पुढच्या मुद्द्यावर गेली. सकाळ-संध्याकाळ राहून गेली. मी मनात म्हटलं, शेवटी सांगू. शेवटी नुहादने मला विचारलं, मोठी होऊन काय होणार, आणि म्हणाली, "इंजिनिअर हो. आम्हाला तुझ्यासारख्या मुली हव्यात." मग कसलं काय आठवतंय!

चाचणी सुरू झाली. पहिले दोन दिवस नुसती जत्रा. पोरं किड्यांवर बसायची, किडे थांबायचे, आया पोरांना कान धरून उतरवायच्या, किडे पुढे जायचे. समोर कुणी आलं की किडा थांबून बाईच्या गोड आवाजात म्हणायचा, "कृपया वाट द्यावी." आधी अरबीत, मग फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत. खेचरांना तिन्ही येत नाहीत. आमची माणसं "बालाक! बालाक!" अशी बाजूला व्हायची आरोळी ठोकत त्याच्या शेजारून जायची आणि बूशता किड्याला वाकून सलाम करायचा. पहिल्या दिवशी खेचरांच्या खेपा किड्यांच्या दुप्पट झाल्या. बाने त्या दिवशी घरी येताना बदाम घातलेली मिठाई आणली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता एक किडा राडारोडा भरून वर आला.

बूशता वाळू घेऊन उतरत होता. पाचव्या वळणावर दोघं समोरासमोर. किडा थांबला. "कृपया वाट द्यावी." बूशता म्हणाला, "तू दे." किडा परत म्हणाला. बूशताही परत म्हणाला. शेवटी त्याच्या खेचराच्या मागच्या पायांना कापरं भरलं, तेव्हा बूशताने शिव्या घालत चाळीस पावलं त्याला मागे रेटलं. वाळूने भरलेलं खेचर पायऱ्यांवरून उलटं चढवणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. खेचराला मागचं दिसत नाही. ते प्रत्येक पायरीला थांबतं, खुराने चाचपतं, आणि मग घाबरतं.

बूशता घामाने निथळत वेशीजवळच्या आमच्या तळावर आला. "अमीन, हे कुठलं? सकाळचा राडारोडा वर? तो पण भरलेला?"

बाने माझ्याकडे पाहिलं. मी शाळेचं दप्तर घेऊन निघाले होते.

"सांगितलं होतंस ना गं, पोरी?"

"हो बा."

तेवढंच. दोन शब्द. मी दप्तर उचललं आणि शाळेत गेले. त्या दिवशी गणिताच्या तासाला बाईंनी तीनदा नाव पुकारलं तेव्हा मला ऐकू आलं.

दुपारच्या सुट्टीत मी नुहादला फोन केला. सगळं सांगितलं, अगदी आजोबांच्या वाक्यापासून.

"बतूल, ते वाक्य ऐकूनच आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं की येताना राडारोडा आणायचा. एका फेरीत दोन कामं. त्यावरच सगळा हिशोब मांडलाय."

"पण तो नियम आहे. बाने सांगितला होता. मीच..."

"कळतंय मला. पण चाचणी सुरू झाली की नियम बदलता येत नाहीत. बदलले तर आकडे धरत नाहीत, सगळं रद्द होतं. चाळीस दिवस जाऊ दे. मग बघू."

"मग बघून काय करणार?"

तिने फोन ठेवला. ती वाईट नव्हती हो. मला आजही ती वाईट वाटत नाही, हेच तर वाईट आहे.

मी अर्ज लिहिला. दोन पानी, फ्रेंचमध्ये, क्रियापदं बाईंकडून तपासून घेतली. कार्यालयात जाऊन खिडकीशी उभी राहिले, मान ताठ. कारकुनाने वाचला, "भाषा छान आहे गं," म्हणाला, शिक्का मारला आणि ट्रेमध्ये टाकला. निर्णय चाचणीनंतर. मला वाटलं होतं की बोललं की सुटतं. मी बोलले होते. आता लिहिलंही होतं.

एवढं सगळं केलं, पण बाला सांगितलं नाही.

दिवस जात राहिले. किड्यांना ना शुक्रवार ना रविवार. सकाळभर ते भरलेले उतरायचे आणि भरलेलेच चढायचे, आणि भरलेले असल्यामुळे कधीच हटायचे नाहीत. हटायची ती खेचरं. रिकामी हटायची ती नियमाने, भरलेली हटायची ती थकून. दिवसाला सात खेपा व्हायच्या तिथे पाच झाल्या, मग चार. कद्दूरची गाढवं असरनंतर खाली जायची तेव्हा उचलायला काहीच उरलेलं नसायचं. कद्दूर तळावर येऊन बसायचा आणि बाकडं झिजेपर्यंत बसायचा. एकदा म्हणाला, "सी अल्लाल, माझी गाढवं इतकी आराम करतायत की आता चल म्हटलं तर कूस बदलतात." कुणी हसलं नाही.

बा मात्र रागावला नव्हता. तेच मला सहन होत नव्हतं. तळावर लोक चिडून काहीबाही बोलायचे, कुणी चाकात सळई घालू म्हणायचा, कुणी पेटीत पाणी ओतू म्हणायचा. बा म्हणायचा, "नको. त्याला नियम सांगितलेला आहे. माझ्या पोरीने साहेबांच्या तोंडावर सांगितलाय. त्याला माहीत आहे. तो फक्त बेशरम आहे. बेशरम माणसाचं काय करायचं? त्याच्यासमोर उभं राहायचं. आज ना उद्या लाजतो."

"तो माणूस नाही, अल्लाल," बूशता म्हणाला.

"ज्याला नियम माहीत आहे तो माणसासारखाच वागणार."

चौतिसाव्या दिवशी किड्यांच्या खेपा आमच्या पुढे गेल्या. त्या संध्याकाळी सगळे खेचरवाले आमच्या दारात आले. आई चहा ओतत राहिली, कुणी पेले उचलले नाहीत.

"अमीन, तू हुकूम दे," बूशता म्हणाला. "भरलेला असेल तर कुणीच हटायचं नाही. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"तुमच्या जनावरांवर प्रयोग नको," बा म्हणाला. "उद्या मी उतरतो. मी उभा राहीन. अमीन हटला नाही हे त्याला एकदा दिसलं की पुरे."

दुसरा दिवस रविवार होता. शाळा नव्हती. मी बाबरोबर गेले. त्याने कहलावर चुन्याची सहा पोती लादली, दोन्हीकडे तीन तीन, आणि वरून दोर आवळून गाठ मारली. तशी गाठ फक्त बाच मारतो. तिला शहरात अल्लालची गाठ म्हणतात. आमच्यामागे गल्लीच्या तोंडाशी सगळे जमले होते.

पाचव्या वळणावर किडा खालून आला. पेटीत कुठल्यातरी घराच्या जुन्या विटा, त्यावर रंगीत फरश्यांचे तुकडे चमकत होते. तो कहलाच्या नाकापासून दोन हातांवर थांबला.

"कृपया वाट द्यावी."

"सलाम," बा म्हणाला. खरंच म्हणाला. "सकाळ आहे. सकाळ उतरणीची. तुला माहीत आहे."

"कृपया वाट द्यावी."

"खाली तीस पावलांवर खातिमाबाईंचा उंबरा आहे. तिथपर्यंत मागे जा. मी थांबतो."

किडा थांबून राहिला. बा थांबून राहिला. सूर्य भिंतीच्या वरच्या कडेवर होता, गल्लीत अजून गारवा होता. किड्याच्या मागे भट्टीत भाजायच्या भाकरींची फळी डोक्यावर घेतलेली एक पोरगी येऊन उभी राहिली, तिच्या मागे एक म्हातारा, त्याच्या मागे आणखी एक किडा, तोही भरलेला. फळीवाली पोरगी म्हणाली, "काका, भट्टी बंद होईल हो," आणि मग बाचा चेहरा बघून तिने फळी खाली ठेवली.

दहा मिनिटं झाली असतील. मग वीस. कहलाने एक पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला. तिच्या मानेवरचे केस घामाने चिकटले. बा तिच्या गळ्याशी हात ठेवून हळूहळू बोलत होता, "झालं गं, झालं. हा आत्ता लाजेल."

"बा, ती थरथरतेय," मी म्हटलं.

"त्यालाही दिसतंय. बघ. तो विचार करतोय."

किड्यावरचा हिरवा दिवा तसाच होता. तो विचार करत नव्हता. तो वर्षभर उभा राहू शकला असता. सगळा नियम ज्या एका गोष्टीवर उभा होता, की ओझं घेऊन थांबणं जड असतं, ती गोष्टच त्याला लागू नव्हती. मला ते तिथे, त्या क्षणी कळलं, आणि मग मला राहवेना.

"बा, त्याला माहीत नाही."

"काय?"

"त्याला माहीत नाही. मी सांगितलंच नाही. सकाळ-संध्याकाळचं. मी काहीतरी विनोद केला आणि ते हसले आणि मग राहून गेलं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

बाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो किड्याकडे बघत होता. महिनाभर ज्याला बेशरम म्हटलं त्याच्याकडे तो असा बघत होता की जणू आत्ता पहिल्यांदाच दिसतोय.

"म्हणजे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

"मग त्याची काय चूक?"

"बा, तू उभा राहा! तो तुला धडकणार नाही, त्याला धडकता येत नाही. दुपारपर्यंत उभे राहू आपण. त्यांच्या खेपा बुडतील, आपण पुढे जाऊ, अजून पाच दिवस आहेत, मी नुहादला..."

"ज्याला सांगितलंच नाही त्याच्याशी कसलं भांडण?" बा म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "त्याच्या पाठीवर ओझं आहे. त्याला तेवढंच ठाऊक आहे. तेवढं तो पाळतोय."

कहलाचा पुढचा गुडघा वाकला. भरलेलं खेचर पायरीवर बसलं तर पुन्हा उठत नाही, पाय मोडतो. मागे हटवायची वेळ टळून गेली होती, तिच्यात चाळीस पावलं उरली नव्हती. बाने खिशातून सुरी काढली आणि स्वतःची गाठ कापली.

पोती दोन्हीकडून खाली आली. दोन फुटली. पांढरा धुरळा इतका उठला की क्षणभर मला बा दिसेना, कहला दिसेना, नुसता तो हिरवा दिवा दिसत होता. मागे गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी मोठ्याने "या अल्लाह" म्हणालं. आमच्याकडे माल दाराआधी जमिनीवर टाकत नाहीत. पावसात नाही, तापात नाही. बाच्या बापाने टाकला नव्हता, त्याच्याही बापाने नव्हता.

धुरळा बसला तेव्हा बा खोकत होता. कहला उभी होती, पाठ हलकी झाल्यामुळे गोंधळलेली.

"आता आपण रिकामे," बा म्हणाला.

त्याने तिला जागच्या जागी वळवलं. रिकामं खेचर त्या वळणात कसंबसं वळतं. पण वाटेत पोती पडली होती आणि किड्याला त्यांवरून जाता येईना. तो पुढे सरकायचा, थांबायचा. "कृपया वाट द्यावी." तेव्हा बा परत फिरला. त्याने एकेक पोतं ओढून भिंतीशी लावलं. चारही शाबूत पोती, मग दोन फुटलेली, मग सांडलेला चुना पायाने बाजूला केला. मी मदत करायला वाकले तर म्हणाला, "राहू दे. हात भाजतील." चुन्याने त्याचेच भाजत होते.

किडा गेला. मागचाही गेला. फळीवाली पोरगी गेली. मग बा म्हणाला, "चल."

तळावर बूशताने बाच्या हातांवर तेल लावलं, आणि त्याला एकही विनोद सुचला नाही. दुसऱ्या दिवशी दोघा खेचरवाल्यांत कुठल्याशा उंबऱ्यावरून जुंपली. कुणीतरी सवयीने ओरडलं, "अल्लालला बोलवा!" बा समोरच बसला होता. तो म्हणाला, "मला विचारू नका आता. ज्याने माल वाटेत टाकला तो काय सांगणार?" ते दोघं थोडा वेळ वाट बघून आपापल्या वाटेने निघून गेले. कोण हटलं ते मला कळलं नाही.

चाळिसाव्या दिवशी निकाल लागला. काम कंपनीचं. माझ्या अर्जालाही उत्तर आलं, एक ओळ, की सूचनेची नोंद घेतली आहे. नुहादने निरोप पाठवला की पुढच्या शहरात ते सकाळ-संध्याकाळचा नियम आधीच विचारणार आहेत. पुढच्या शहरात!

मी बाची माफी मागितली. एकदा नाही, रोज. तो म्हणायचा, "तू लहान होतीस." मी म्हणायचे, "बा, दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे." तो म्हणायचा, "तेच." एकदा मात्र त्याने विचारलं, "काय विनोद केला होतास?" मी सांगितला. तो म्हणाला, "बरा होता." त्याने मला ओरडायला हवं होतं. मी वाट बघत होते. अजून बघते.

खेचरं एकेक करून विकली गेली. बूशताचं गेलं, मग इतरांची. आमच्या कहलासाठी ताऊनातहून एक शेतकरी आला, बुटका, हसतमुख, ऑलिव्हच्या बागा असलेला. त्याने तिचे दात बघितले, पाय उचलून टायरचे नाल बघितले, कौतुकाने मान हलवली. मग त्याने तिला वेशीबाहेरच्या मोकळ्या मैदानात चालवून बघितलं. दर वीस-तीस पावलांवर ती थांबायची, कान पुढे करून ऐकायची, आणि मगच पुढे जायची. समोर काहीच नव्हतं. सपाट माती आणि आभाळ.

"ही मध्ये मध्ये का थांबते?" त्याने विचारलं. "कानाचा काही आजार आहे?"

"नाही," बा म्हणाला. "वळण आलं असं तिला वाटतं. समोरून कुणी येतंय का ते ऐकते."

"आमच्याकडे वळणं नाहीत हो. सरळ बाग आहे."

"मग विसरेल," बा म्हणाला आणि दोर त्याच्या हातात दिला.